ब्लो-बाय (अंतर्ज्वलन इंजिन)

अंतर्ज्वलन इंजिनाच्या सिलिंडरमध्ये दाबाखाली असलेला वायू पिस्टन आणि सिलिंडरची भिंत यांच्यामधील सूक्ष्म फटींतून खाली क्रॅंककेसमध्ये निसटतो, या क्रियेला ब्लो-बाय असे म्हणतात. अशा रीतीने निसटलेल्या वायूलाही व्यवहारात हेच नाव आहे. व्यापक अर्थाने पाहता, ज्वलनकक्षातील वायू झडपेच्या बैठकीतून, हेड गॅस्केटमधून किंवा स्पार्क प्लगच्या आट्यांतून निसटू लागला तर तीही त्याच जातीची गळती होय. प्रस्तुत लेखात मुख्यतः पहिल्या प्रकाराचा आणि त्याच्या अनुषंगाने इतर प्रकारांचा विचार केला आहे.

पूर्णपणे गळतीविरहित पिस्टन इंजिन अस्तित्वात नाही. नव्या, उत्तम स्थितीतील इंजिनातही आत घेतलेल्या वायूच्या वस्तुमानापैकी साधारण एक टक्का भाग रिंगांना चुकवून खाली जातो. एवढी गळती गृहीत धरूनच इंजिनाची रचना केलेली असते. हे प्रमाण वाढू लागले म्हणजे मात्र शक्ती घटते, वंगण तेल बिघडते, सील गळू लागतात आणि शेवटी पिस्टन, रिंगा व बेअरिंगे यांची हानी होते. यातील बरेचसे परिणाम पुन्हा गळतीच वाढवतात. त्यामुळे एकदा सुरू झालेला बिघाड बराच काळ हळूहळू चालतो आणि मग अकस्मात वेग घेतो.

संज्ञा

मराठी परिभाषेत पिस्टनला ‘दट्ट्या’ आणि व्हाल्व्हला ‘झडप’ हे शब्द आहेत. ब्लो-बायसाठी मात्र सर्वमान्य असा मराठी प्रतिशब्द रुळलेला नाही. कार्यशाळेतील कारागीर ‘रिंगा गेल्या’, ‘कॉम्प्रेशन गेले’, ‘इंजिन मागे धूर मारते’ अशा शब्दप्रयोगांनी हीच गोष्ट सांगतात. यांपैकी ‘मागे’ म्हणजे सायलेन्सरमधून नव्हे, तर ब्रीदरच्या, म्हणजे क्रॅंककेसच्या श्वासनळीच्या वाटेने. हा भेद नवशिक्याने नीट ध्यानात ठेवावा, कारण दोन्ही धुरांची कारणे वेगळी असू शकतात. प्रस्तुत लेखात ‘पिस्टन’ आणि ‘रिंग’ हेच रूढ शब्द वापरले आहेत.

रिंग वायूला कशी अडवते

पिस्टन सिलिंडरमध्ये तंतोतंत बसवता येत नाही. बहुतेक पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात आणि हा धातू तापल्यावर बिडाच्या मानाने जवळजवळ दुपटीने प्रसरण पावतो. म्हणून थंड स्थितीत दोहोंमध्ये मोकळी जागा ठेवावी लागते. पिस्टनच्या खालच्या भागाजवळ, ज्याला स्कर्ट म्हणतात तेथे, ही जागा मिलिमीटरच्या काही शतांशांइतकी असते. माथ्याजवळ उष्णता अधिक असल्याने ती याहून जास्त ठेवतात. ही फट बंद करण्याचे काम पिस्टनच्या खाचांत बसवलेल्या रिंगांचे असते.

चिरलेली, स्वतःच्या लवचीकपणाने भिंतीला टेकणारी धातूची रिंग इंग्लंडमधील रेल्वे अभियंता जॉन रॅम्सबॉटम याने १८५०च्या दशकाच्या प्रारंभी वाफेच्या इंजिनांसाठी प्रचारात आणली. त्याआधी पिस्टनभोवती ताग व चरबी यांची गुंडाळी करीत असत. आजच्या मोटारीतील रिंगही तत्त्वतः तीच आहे.

रिंग आपल्या स्प्रिंगसारख्या ताणामुळे भिंतीला दाबून राहते, हे अर्धेच सत्य आहे. तो ताण अगदी माफक असतो. ज्वलनाच्या वेळी पेट्रोल इंजिनात दाब सुमारे ४० ते ७० बारपर्यंत आणि आधुनिक डिझेल इंजिनात १०० बारच्याही पुष्कळ वर जातो, आणि एवढ्या दाबापुढे नुसता ताण टिकणार नाही. प्रत्यक्षात वायू रिंगेच्या वरच्या बाजूने खाचेत शिरतो, रिंगेच्या पाठीमागे पोहोचतो आणि तिला बाहेर भिंतीकडे व खाली खाचेच्या तळाकडे रेटतो. दाब जितका अधिक, तितकी रिंग अधिक घट्ट बसते. म्हणजे ज्याला अडवायचे, त्याचेच बळ अडवण्यासाठी वापरलेले आहे. ही युक्ती साधी आहे, पण तिला एक अट आहे. रिंग खाचेत मोकळेपणाने हलली पाहिजे. खाचेत काजळी साचून रिंग अडकली की वायू तिच्या पाठीमागे जाऊ शकत नाही आणि तिचे सारे सामर्थ्य संपते.

रिंग चिरलेली असल्यामुळे तिच्या दोन टोकांत थोडी फट ठेवावीच लागते. ८० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरसाठी ही फट साधारणपणे पाव ते चार-दशांश मिलिमीटर असते. ती मुळीच ठेवली नाही तर तापून लांबलेल्या रिंगेची टोके एकमेकांना भिडतात, रिंग भिंतीत रुतते आणि मोडते. निरोगी इंजिनातील बहुतेक ब्लो-बाय याच फटीतून होतो. वरच्या रिंगेखाली दुसरी रिंग असते व दोघींच्या फटी वेगवेगळ्या दिशांना ठेवून रिंगा बसवतात. इंजिन चालताना रिंगा खाचेत हळूहळू फिरत असल्याने ही मांडणी कायम राहत नाही, तरी बसवताना फटी एका रेषेत ठेवणे हा निष्काळजीपणाच समजला जातो.

भिंतीची झीज आणि ही फट यांचा संबंध शाळेतल्या भूमितीचा आहे. वर्तुळाचा परिघ व्यासाच्या सुमारे ३.१४ पट असतो. म्हणून सिलिंडरचा व्यास झिजून अवघा ०.१ मिलिमीटरने वाढला, तर रिंगेच्या टोकांमधील फट सुमारे ०.३१ मिलिमीटरने वाढते. ती मुळात ०.३ मिलिमीटर असेल, तर दुप्पट होते. डोळ्यांना न दिसणारी झीज गळतीत इतकी ठळकपणे का दिसते, याचे उत्तर यात आहे.

गळती किती होते

वायूच्या फटीआधीच्या व फटीनंतरच्या दाबांचे गुणोत्तर साधारण दोनच्या वर गेले की फटीतील प्रवाह त्या स्थितीतील ध्वनीच्या वेगाला पोहोचतो. सिलिंडरमधील दाब बाहेरच्या अनेक पटींनी असल्याने रिंगेच्या फटीतून वायू अक्षरशः झोतासारखा जातो. सुदैवाने त्याला वेळ फार थोडा मिळतो. मिनिटाला ३,००० फेरे घेणाऱ्या इंजिनात पिस्टनची एक धाव अवघ्या एक-शतांश सेकंदात संपते.

तरीही एकूण आकडा लहान नसतो. १.५ लिटर क्षमतेचे चार-धावी इंजिन ३,००० फेऱ्यांच्या वेगाने पूर्ण भारावर चालत असेल, तर ते मिनिटाला सुमारे २,२५० लिटर हवा आत घेते. त्याचा एक टक्का म्हणजे मिनिटाला वीस-बावीस लिटर वायू क्रॅंककेसमध्ये उतरतो. पाण्याची मोठी बादली मिनिटाला एकदा भरावी इतके हे प्रमाण आहे आणि हे सुस्थितीतील इंजिनाचे आहे. हा वायू बाहेर काढण्यासाठी मार्ग नसेल तर काय होईल, याची कल्पना यावरून यावी.

फार मोठ्या वेगात आणखी एक अडचण उद्भवते. पिस्टन वरच्या टोकाजवळ झपाट्याने मंदावतो, तेव्हा रिंग आपल्या जडत्वामुळे वर उचलली जाऊ पाहते. ती खाचेच्या तळापासून सुटली की वायू तिच्या खालून निसटतो, पाठीमागचा दाब नाहीसा होतो आणि रिंग फडफडू लागते. शर्यतीच्या इंजिनांत यासाठी वजनाला हलक्या, अतिशय पातळ रिंगा किंवा इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या छेदाची डाइक्स रिंग वापरतात.

पिस्टन आणि रिंगा यांवर परिणाम

ज्वलनाच्या वेळी वायूचे तापमान २,००० अंश सेल्सियसच्या वर जाते, तर शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि पिस्टनचे मिश्रधातू त्याहूनही कमी तापमानाला मऊ पडतात. पिस्टन टिकतो, याचे कारण त्याला मिळणारी उष्णता सतत काढून घेतली जाते. या उष्णतेचा मोठा वाटा रिंगांमधून सिलिंडरच्या भिंतीकडे व तेथून थंडाव्याच्या पाण्याकडे किंवा हवेकडे जातो. रिंग वायूला अडवते त्याच वेळी पिस्टनला थंडही ठेवते.

म्हणून ब्लो-बाय वाढला की पिस्टनवर दुहेरी आघात होतो. तप्त वायू रिंगेला वळसा घालून पिस्टनच्या कडेला खालपर्यंत तापवतो, आणि भिंतीला नीट न टेकणारी रिंग उष्णता पुढे देऊ शकत नाही. रिंगेच्या खाचेतील तेल जळून त्याचा चिकट, वार्निशसारखा थर व नंतर कठीण काजळी बनते. रिंग अडकते. अडकलेली रिंग आणखी वायू सोडते. असा पिस्टन बाहेर काढल्यावर रिंगांच्या खाली, स्कर्टवर तपकिरी-काळे उभे पट्टे दिसतात. अनुभवी मेकॅनिक ते पट्टे पाहूनच गळती कोणत्या बाजूने होती हे सांगतो.

झोत एकाच जागी सतत राहिला तर तेथील तेलाचा पापुद्रा जळून जातो व धातूवर धातू घासू लागतो. रिंग व भिंत यांवर खरचटल्यासारखे उभे ओरखडे पडतात आणि प्रत्येक ओरखडा ही वायूसाठी नवी वाट ठरते. दोन खाचांमधील धातूची कड जर आधीच तडकलेली असेल, तर तप्त वायू त्या जागी धातू झिजवत पिस्टनची कड अक्षरशः खाऊन टाकतो. कड तडकण्याचे नेहमीचे कारण मात्र ब्लो-बाय नसून अपस्फोटन, म्हणजे इंजिनाचे ‘नॉकिंग’ हे असते. त्यातील दाबाचे तडाखे कड मोडतात आणि गळती त्यानंतर येते. दुरुस्ती करताना हा क्रम उलटा समजला गेला, तर नवा पिस्टनही थोड्याच दिवसांत त्याच जागी फुटतो.

उलट दिशेची गळतीही असते. प्रसरणाच्या धावेच्या अखेरीस सिलिंडरमधील दाब उतरतो, पण दोन रिंगांमधील पोकळीत अडकलेला वायू अजून दाबाखाली असतो. तो वरची रिंग उचलून पुन्हा वर शिरतो आणि सोबत तेलाचे थेंब ज्वलनकक्षात नेतो. ‘गाडी ऑइल खाते’ या तक्रारीमागे तेलाच्या रिंगेइतकाच हाही दोष असू शकतो.

सिलिंडरच्या भिंतीची झीज वरच्या टोकाजवळ, जेथे वरची रिंग क्षणभर थांबून दिशा बदलते तेथे, सर्वाधिक असते. तेथे दाब कमाल असतो, वेग शून्य असतो आणि तेलाचा थर सर्वांत पातळ असतो. थंड इंजिनात ज्वलनातून निघालेली वाफ याच भागात भिंतीवर निवळते आणि आम्लांसह धातू गंजवते. फार कमी भारावर तासन्‌तास चालणाऱ्या डिझेल जनरेटरमध्ये याउलट प्रकार होतो. रिंगांमागे पुरेसा दाब कधीच तयार होत नाही, भिंतीवरील बारीक रेघा अर्धवट जळलेल्या तेलाच्या थराने बुजून ती काचेसारखी गुळगुळीत होते, आणि झीज फारशी नसतानाही गळती वाढते.

वंगण तेलावर परिणाम

ब्लो-बायचा सर्वांत दूरगामी परिणाम तेलावर होतो, कारण तेलाच्या वाटेने तो इंजिनाच्या अशा भागांपर्यंत पोहोचतो, ज्यांचा ज्वलनाशी थेट संबंधच नसतो.

पेट्रोल इंजिनातील ब्लो-बाय वायू म्हणजे केवळ धूर, अशी समजूत आढळते. ती बरोबर नाही. ज्योत सिलिंडरच्या मध्यातून भिंतीकडे पसरत जाते आणि पिस्टनच्या कडेच्या अरुंद फटीत ती शिरू शकत नाही. ज्योत पोहोचण्याआधीच दाबामुळे न जळलेले मिश्रण त्या फटीत कोंबले गेलेले असते. त्यामुळे खाली जाणाऱ्या वायूत न जळलेल्या हवा-पेट्रोल मिश्रणाचाच वाटा मोठा असतो. उरलेल्या भागात जळालेले वायू, वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडे असतात. डिझेल इंजिनात आधी केवळ हवा दाबली जात असल्याने इंधनाची वाफ कमी असते, पण काजळी पुष्कळ असते.

पाण्याचे प्रमाण अनेकांना अविश्वसनीय वाटते. एक लिटर पेट्रोल पूर्ण जळाले की त्यातून सुमारे एक लिटर पाणी तयार होते. ते अर्थातच वाफेच्या रूपात असते व बहुतेक सायलेन्सरवाटे निघून जाते. पण ब्लो-बायबरोबर जी वाफ खाली उतरते, ती थंड क्रॅंककेसमध्ये निवळून तेलात मिसळते. इंजिन पुरेसे तापले तर ती पुन्हा उडून जाते. रोज दोन-तीन किलोमीटर जाऊन बंद होणाऱ्या गाडीत तिला उडण्याची संधीच मिळत नाही. तेल भरण्याच्या टोपणाखाली दिसणारा दुधाळ, पिवळसर फेस हा त्याचाच पुरावा. असा फेस दिसताच हेड गॅस्केट गेले असा निष्कर्ष काढून इंजिन उघडण्याची घाई करू नये. आधी गाडी लांब पल्ल्यावर चालवून तो नाहीसा होतो का हे पाहावे, आणि रेडिएटरमधील पाण्याची पातळी तपासावी.

इंधनाच्या अंशाने तेल पातळ होते. पातळ तेलाचा थर बेअरिंगांमध्ये भार पेलू शकत नाही. तेलात मिसळणारे इंधन बव्हंशी थंड इंजिन सुरू करताना द्रवरूपातच भिंतीवरून खाली ओघळते, परंतु झिजलेल्या रिंगा दोन्ही मार्ग मोकळे करतात. डिपस्टिकवर तेलाची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली, तर ती आनंदाची बाब नव्हे.

नायट्रोजनची ऑक्साइडे आणि पाणी यांपासून, तसेच इंधनात गंधक असल्यास त्यापासून, आम्ले तयार होतात. त्यांना निष्प्रभ करण्यासाठी तेलात अल्कधर्मी द्रव्ये घातलेली असतात. ती संपली की आम्ले बेअरिंगांतील तांबे व शिसे यांवर हल्ला करतात. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांनुसार इंधनातील गंधकाची मर्यादा दर किलोग्रॅमला १० मिलिग्रॅम आहे. त्यामुळे गंधकाम्लाचा त्रास पूर्वीच्या मानाने बराच कमी झाला आहे, नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा मात्र शिल्लक आहे. ती तेलाशी संयोग पावून त्याला घट्ट करतात. घट्ट झालेले तेल, काजळी आणि पाणी यांचा मिळून काळा चिखल, म्हणजे स्लज, बनतो. हा गाळ तेलाच्या पंपाच्या जाळीवर बसला की तेलाचा पुरवठा तुटतो आणि बेअरिंगे काही मिनिटांत जळतात. रिंगांची गळती अशा रीतीने क्रॅंकशाफ्टचा घात करते.

क्रॅंककेसमधील दाब आणि सील

सुस्थितीतील इंजिनाच्या क्रॅंककेसमध्ये वातावरणाइतका किंवा किंचित कमी दाब राखलेला असतो. वायू येण्याचा वेग त्याच्या जाण्याच्या वेगाहून वाढला की आत दाब साचतो. क्रॅंकशाफ्टच्या टोकांचे ऑइल सील तेल अडवण्यासाठी केलेले असतात, वायूचा दाब पेलण्यासाठी नव्हे. ते गळू लागतात. डिपस्टिक आपोआप वर उचलली जाते, टॅपेट कव्हरच्या कडेने तेल झिरपते. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनात टर्बोच्या बेअरिंगांतून खाली येणारे तेल केवळ उताराने क्रॅंककेसमध्ये परतते. खालून दाब आला की ते तुंबते आणि टर्बोच्या सीलमधून हवेच्या नळ्यांत उतरते. अशा वेळी दोष टर्बोला दिला जातो आणि महागडा भाग बदलूनही तेल गळतच राहते. सीलच्या बाबतीतही हेच घडते. एकच सील दुसऱ्यांदा गळला, तर तिसरा सील विकत घेण्याआधी ब्रीदर तपासणे हे अधिक शहाणपणाचे.

दोन-धावी स्कूटर व मोटारसायकलींत गोष्ट निराळी होती. त्यांत ताजे मिश्रण क्रॅंककेसमधूनच वर जाते, त्यामुळे निसटलेला वायू त्याबरोबर पुन्हा ज्वलनकक्षात पोहोचतो. तेथे तेलाचा साठा नसल्याने तेल बिघडण्याचा प्रश्न नाही, मात्र पिस्टन तापून जाम होण्याचा धोका तितकाच असतो.

झडपेतून होणारी गळती

निष्कास झडप (एक्झॉस्ट व्हाल्व्ह) इंजिनातील सर्वांत तप्त फिरत्या भागांपैकी एक होय. तिची उष्णता मुख्यतः बंद स्थितीत बैठकीला टेकली असताना बाहेर जाते. बैठक व झडप यांमध्ये काजळीचा कण अडकला, बैठक वाकडी झाली किंवा टॅपेटची मोकळीक नाहीशी होऊन झडप पूर्ण मिटेनाशी झाली, तर त्या अरुंद फटीतून ज्वलनाचा झोत दर फेरीला बाहेर पडतो. झडपेची कड त्या जागी लाल होते, धातू जळतो आणि कडेत लहानशी नाली कोरली जाते. नाली पडल्यावर गळती इतक्या वेगाने वाढते की काही दिवसांत तो सिलिंडर मुका होतो. यालाच झडप जळणे म्हणतात.

मुंबई-पुण्यातील सीएनजीवर चालणाऱ्या रिक्षा व टॅक्सींच्या चालकांना हा प्रकार परिचित असतो. वायुरूप इंधनात द्रव इंधनाप्रमाणे बैठकीला मिळणारे किंचितसे वंगण नसते. बैठक झिजून झडप वर सरकते व टॅपेटची मोकळीक हळूहळू संपते. झिजलेला टॅपेट खटखट आवाज करतो. येथे उलट, मोकळीक संपत जाते तसे इंजिन अधिकच शांत होते, म्हणून धोक्याची सूचना मिळत नाही. ठरावीक अंतरानंतर टॅपेट तपासणे हा त्यावरील साधा आणि स्वस्त उपाय आहे.

हेड गॅस्केट, स्पार्क प्लग आणि इंजेक्टर

सिलिंडर हेड व ब्लॉक यांमधील गॅस्केटला प्रत्येक सिलिंडरभोवती धातूची कडी असते. हेडचे बोल्ट सैल झाले किंवा इंजिन अति तापून हेड वाकले की वायू कडीखालून वाट काढतो. शेजारच्या सिलिंडरकडे वाट निघाली तर दोन लगतच्या सिलिंडरांचे कॉम्प्रेशन एकदम कमी भरते. पाण्याच्या मार्गाकडे निघाली तर रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, होज पाइप इंजिन सुरू केल्याबरोबर कडक होतो आणि पाणी बाहेर फेकले जाते. झोत बराच काळ चालू राहिल्यास ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये चर पडतो. मग नुसते गॅस्केट बदलून भागत नाही, हेड घासून समतल करावे लागते.

सैल स्पार्क प्लगच्या आट्यांतून वायू गेल्यास प्लगची उष्णता हेडकडे जाऊ शकत नाही. प्लगचे टोक लालभडक होऊन ठिणगीआधीच मिश्रण पेटवते. डिझेल इंजेक्टरखालील तांब्याचा वॉशर बिघडला तर ‘फस्‌ फस्‌’ असा आवाज येतो व इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर जमतो, तो इतका कठीण की इंजेक्टर बाहेर काढणेच अवघड होते.

धुराची विल्हेवाट

पूर्वी क्रॅंककेसमधील वायू एका नळीने गाडीखाली हवेत सोडून देत. मूळचे डच असलेले जीवरसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले की, लॉस एंजेलिसवर साचणारे धुरके हायड्रोकार्बने व नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन बनते. तेव्हा लक्ष प्रामुख्याने सायलेन्सरकडे होते. पुढे असे आढळले की मोटारीतून निघणाऱ्या हायड्रोकार्बनांचा सुमारे पंचमांश ते चतुर्थांश भाग क्रॅंककेसच्या या नळीतून येतो. कॅलिफोर्नियात १९६१च्या नव्या मोटारींपासून आणि १९६३पासून सर्व अमेरिकेत पॉझिटिव्ह क्रॅंककेस व्हेंटिलेशन, म्हणजेच पीसीव्ही, ही व्यवस्था बसवली जाऊ लागली. मोटारींवरील प्रदूषण-नियंत्रणाचे हे पहिले साधन मानले जाते. यात इंजिनाच्याच शोषणाने क्रॅंककेसमधील वायू एका लहान झडपेतून पुन्हा आत ओढून जाळला जातो. युक्ती मुळात प्रदूषणासाठी निघालेली नव्हती. दुसऱ्या महायुद्धात खोल पाण्यातून जाणाऱ्या रणगाड्यांच्या इंजिनांत श्वासनळीवाटे पाणी शिरू नये म्हणून अशी बंद व्यवस्था वापरली गेली होती.

पीसीव्हीची झडप काजळीने तुंबली की निरोगी इंजिनातही क्रॅंककेसचा दाब वाढतो आणि रिंगा गेल्याची सर्व लक्षणे दिसू लागतात. अल्प किमतीच्या भागामुळे इंजिन खोलले गेल्याची उदाहरणे कार्यशाळांत नेहमी ऐकू येतात.

मोठ्या सागरी इंजिनांतील धोका

जहाजांच्या प्रचंड डिझेल इंजिनांत निसटलेला तप्त वायू किंवा तापलेला पिस्टन हा प्राणघातक ठरू शकतो. तप्त पृष्ठभागावर तेलाची वाफ होते, ती थंड भागात निवळून अत्यंत सूक्ष्म तुषारांचे धुके बनते आणि हे धुके हवेबरोबर स्फोटक असते. ११ सप्टेंबर १९४७ रोजी ‘रेना देल पॅसिफिको’ या ब्रिटिश प्रवासी जहाजावर दुरुस्तीनंतरच्या चाचणीवेळी असा स्फोट होऊन २८ जणांचा मृत्यू झाला. सुरुवात एका अति तापलेल्या पिस्टनपासून झाली होती. या दुर्घटनेनंतर क्रॅंककेस-स्फोटांचा पद्धतशीर अभ्यास झाला. आज ज्यांच्या सिलिंडरचा व्यास २०० मिलिमीटर किंवा अधिक आहे, अथवा क्रॅंककेसचे घनफळ ०.६ घनमीटर किंवा अधिक आहे, अशा सागरी इंजिनांना दाब मोकळा करणाऱ्या झडपा बसवणे आंतरराष्ट्रीय नियमांनुसार आवश्यक आहे. तेलाचे धुके ओळखणारी उपकरणेही मोठ्या इंजिनांत असतात. धोक्याचा इशारा मिळाल्यावर वेग कमी करून इंजिन थांबवायचे, पण क्रॅंककेसचे दार लगेच उघडायचे नाही, ही शिकवण प्रत्येक सागरी अभियंत्याला दिली जाते. दार उघडताच ताजी हवा आत जाते आणि जे मिश्रण तोवर पेटण्याइतके हवाबहुल नव्हते, ते पेटते.

निदान

कॉम्प्रेशन गेजने प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधील तफावत अधिक बोलकी असते. दाब कमी भरलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घालून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर तेलाने रिंगांभोवतीची फट तात्पुरती बुजली, म्हणजे दोष रिंगांत किंवा भिंतीत आहे. वाढला नाही तर झडप किंवा गॅस्केट यांचा संशय घ्यावा.

याहून खात्रीची पद्धत म्हणजे पिस्टन वरच्या टोकाला आणून, दोन्ही झडपा बंद असताना, प्लगच्या छिद्रातून दाबाखालील हवा सोडणे आणि किती टिकते हे पाहणे. विमानांच्या पिस्टन इंजिनांत ही चाचणी नियमित केली जाते. तीत कान हे गेजइतकेच उपयोगी पडतात. तेल भरण्याच्या तोंडातून फुसफुस ऐकू आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर निष्कास झडप, एअर फिल्टरकडून आली तर आत घेणारी झडप, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर गॅस्केट.

रिंगांचा दोष निश्चित झाल्यावर भिंतीचा व्यास वरच्या टोकाजवळ, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी काटकोनात दोनदा मोजतात. झीज व लंबवर्तुळाकार मर्यादेत असेल तर होनिंग करून नव्या रिंगा पुरतात. मर्यादेबाहेर असेल तर ब्लॉक बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालावा किंवा लायनर बदलावा लागतो. झिजलेल्या भिंतीवर केवळ नव्या रिंगा चढवल्या, तर वरच्या टोकाशी उरलेल्या कडेवर नवी, अजून न झिजलेली वरची रिंग आपटते आणि तुटते. नव्या रिंगांच्या इंजिनात पहिले काही तास ब्लो-बाय थोडा जास्तच असतो. रिंग आणि भिंत एकमेकींशी घासून जुळल्यावर तो उतरतो, आणि त्यासाठी पुरेसा दाब लागत असल्याने असे इंजिन नुसते रिकामे चालवत न ठेवता त्यावर मध्यम, बदलता भार ठेवतात.